पोरगी पुण्याला घालायची का?

"ताई, ऐकलं का? भाचीसाठी एक स्थळ आलंय. बायोडाटावर शिक्षान काय लिवलंय म्हायतीये? 'फॉरेन युनिव्हर्सिटी'. बास, एवढंच! कुठल्या देशातली, काय शिकला, कायबी न्हाई. जशी काय फॉरेन नावाची एकच युनिव्हर्सिटी हाय आन् तिथं ह्योच एकटा बसला व्हता!"

काकी कुंपणापाशी आल्या की आधी बातमी सांगतात आणि मग कढीपत्ता मागतात. कढीपत्ता त्यांच्या दारातही आहे. पण आमचा तारेला लागून आहे, त्यामुळं बोलता बोलता खुडता येतो.

"चौकशी केलीत का?"

"केली की. इंग्लंडात हाय म्हनं. युनिव्हर्सिटीचं नाव सांगितलं, ते मला म्हनता येईना आन् आमच्या पोराला मोबाईलवर हुडकाय लई येळ लागला. पर आमच्या वन्सं म्हनत्यात, नाव कशाला बघायचं, इमानात बसून गेला न्हवं?"

आता सांगा, या बाईंना काय उत्तर द्यायचं.

तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीकडं जाताना आमच्या पिंपळीवरून जाते. ती पुढं सरकली, रस्त्याकडेचे मांडव निघाले, की गावात दुसरी धामधूम सुरू होते ती ॲडमिशनची. सीईटी, कॅप राऊंड, ऑप्शन फॉर्म हे शब्द आता कालव्याच्या पाळीइतकेच घरोघरी बोलले जातात. यंदा हे प्रकरण काकींच्याच घरात आहे. नातीला बरे पर्सेंटाइल पडलेत. बारामतीत कॉम्प्युटर मिळेल अशी चिन्हं आहेत, पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात फार तर सिव्हिल. मुलाचं म्हणणं पुणे. सुनेचं म्हणणं बारामती, कारण पोरगी संध्याकाळी घरी येईल. पोरीचं म्हणणं तोवर कुणी विचारलेलं नव्हतं.

"तूच सांग. तू कालिजच्या हापिसात व्हतीस. पुन्याचं नाव लागलं की वजन पडतं का न्हाई?"

बारामतीतल्या एका कॉलेजच्या कार्यालयात माझी उमेदीची वर्षं गेली. पदवीचे अर्ज भरून घ्यायचे, नावाची स्पेलिंगं तपासायची, प्रमाणपत्रं वाटायची, हे माझं टेबल. त्यामुळं हा प्रश्न मला नवा नाही. वजन पडतं. पण कुणापुढं पडतं ते आधी बघावं लागतं.

"काकी, आपलं टी. सी. कॉलेज १९६२ चं, विद्या प्रतिष्ठान १९७२ चं. तिथून पदवी घेतली तरी कागदावर विद्यापीठ कुठलं? पुण्याचंच. फर्ग्युसनमधून घेतली तरी तेच. कॅनडात बसून कागदपत्रं तपासणाऱ्या माणसाला फर्ग्युसन रस्ता आणि भिगवण रस्ता यांतला फरक काय कळणार?"

"पर पुन्यातल्या मान्साला कळतो."

"पुण्यातल्याला चांगला कळतो. घोडं पेंड खातं ते तिथंच."

पुण्यातल्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचं बघा. १८५४ पासूनची संस्था. तिथल्या मुलानं 'मी पुणे विद्यापीठाचा' असं कधी सांगितल्याचं ऐकलंय का? तो 'सीओईपीचा'. २०२२ साली त्या कॉलेजचंच स्वतंत्र विद्यापीठ झालं, पण बाहेरच्या जगात ते त्याआधीच झालेलं होतं. मुंबईत केमिकल टेक्नॉलॉजीच्या यूडीसीटीची तीच गोष्ट. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर तिथले. पीएच.डी.सुद्धा त्यांनी १९६९ साली मुंबईतच केली, परदेशात नाही. पुढं संस्थेचं नाव बदलून आयसीटी झालं तरी जुनी माणसं यूडीसीटीच म्हणतात. जवळच्याला कॉलेज कळतं, लांबच्याला विद्यापीठ कळतं, आणि अगदी शेजारच्याला फक्त पोरगी कळते.

"आन् नाव बदललं की किंमत बदलती का गं?" काकींचा हा प्रश्न उगाच नव्हता. त्यांच्या दोन्ही सुना पदवीधर. थोरलीच्या प्रमाणपत्रावर 'पुणे विद्यापीठ', धाकटीच्या 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ'. विद्यापीठ एकच, १९४९ सालचं. नाव २०१४ साली बदललं.

"थोरली म्हनती, माझं जुनं, म्हंजी वरिजिनल. मी म्हन्लं, बाई, जिच्यामुळं तुमी दोघी शिकला तिचं नाव धाकटीच्या कागदावर हाय. आता तूच ठरव वरिजिनल कोन ते."

तेवढ्यात सायकल हातात धरून गुरुजी रस्त्यानं आले. गुरुजी कुंपणापाशी थांबले की गप्पांना इतिहास फुटतो. त्यांचं मूळ गाव नीरेच्या पलीकडं, माळशिरस तालुक्यात. थोडं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नावाचं काय घेऊन बसलात! माझ्या वडिलांच्या वेळी आमचा सोलापूर जिल्हा पुणे विद्यापीठात होता. १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघालं, आम्ही तिकडं गेलो. म्हणून मी शिवाजी विद्यापीठाचा बी.ए. २००४ ला सोलापूरचं वेगळं झालं, तर माझी पुतणी सोलापूरची. कॉलेज जागचं हललं नाही, आम्ही जागचे हललो नाही. घरात तीन विद्यापीठं!"

हे आमच्या भागाचं खास आहे, आणि बाहेरच्याला पटकन ध्यानात येत नाही. इंदापूर तालुक्याला एका अंगानं नीरा, दुसऱ्या अंगानं भीमा, आणि नीरा नरसिंगपूरला दोघींचा संगम. नदीच्या अलीकडं पुणे विद्यापीठ, पलीकडं माळशिरस-माढ्याला सोलापूर. वर फलटणच्या बाजूला गेलात तर सातारा जिल्हा, म्हणजे शिवाजी विद्यापीठ. ऊस त्याच पाण्यावरचा, मार्कलिस्ट मात्र निराळी. आणि ही रेघ नुसती कागदावरची नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात संलग्न कॉलेजांतल्या राज्याच्या जागांपैकी ७० टक्के 'होम युनिव्हर्सिटी'च्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. काकींच्या नातीला पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत घरची म्हणून जागा आहे. काकींच्या माहेरचा, फलटणकडचा भाचा त्याच कॉलेजात पाहुणा.

"म्हंजी नदीच्या ह्या अंगाला नांदाय आले त्ये बरं झालं," काकी म्हणाल्या. "माझ्या बानं एवढा इचार केला नसंल."

मग काकींनी मुलाची बाजू मांडली. त्यानं मोबाईलवर क्रमवारी दाखवली होती म्हणे. अमुक कॉलेज इतक्या नंबरवर, तमुक नंबरातच नाही. केंद्र सरकारची ती एनआयआरएफची यादी २०१६ पासून निघते. मी सांगितलं की त्यात शिकवणं, संशोधन, मुलांचं पुढं काय झालं अशा बाबींना गुण असतात, पण शंभरातले १० गुण 'परसेप्शन'चे असतात. म्हणजे शिक्षणातली आणि कंपन्यांतली माणसं त्या संस्थेबद्दल काय मत बाळगून आहेत, त्याचे.

"लोक काय म्हनत्यात त्याचं धा मार्क?"

"हो."

"मंग आपन कुंपनावर करतो त्येच सरकार दिल्लीत बसून करतंय की!"

गुरुजी सायकलच्या सीटवर हात आपटून हसले. मला मात्र त्यात थोडं तथ्य वाटतं. ज्याचं नाव आहे त्याला नावाचे गुण, ते गुण मिळाले म्हणून पुन्हा नाव. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजनं कितीही चांगलं शिकवलं तरी दिल्ली-मुंबईतल्या कुणाच्या तोंडी ते यायचं कधी? शिवाय यादीत नसणं आणि वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रवेशाच्या घाईत कुणी ऐकून घेत नाही.

"बरं, नाव नाव म्हणता," गुरुजी म्हणाले, "आपल्या विद्यापीठांना नावं कुणाची आहेत ते तरी बघा. जळगावचं विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावानं, २०१८ पासून. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या १९५१ ला गेल्या, ओव्या दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. अमरावतीचं गाडगेबाबांच्या नावानं. बाबा शाळेत गेले नाहीत. नागपूरचं तुकडोजी महाराजांच्या नावानं. महाराजांचं शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडं नाही. सोलापूरचं अहिल्यादेवींच्या नावानं. ज्यांच्याकडं पदवी नव्हती त्यांची नावं आपण पदवीच्या कागदावर छापतो."

"आन् कर्मवीर अण्णा?"

"भाऊराव मॅट्रिकसुद्धा नव्हते. १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९५९ ला पुणे विद्यापीठानंच त्यांना डी.लिट. दिली. त्याच वर्षी ते गेले. चाळीस वर्षं रयतच्या शाळांतून पोरं शिकून बाहेर पडली, विद्यापीठाला त्यांची आठवण शेवटच्या वर्षी झाली."

हे सगळं खरं. पण मला इथं गुरुजींना थांबवावंसं वाटलं, आणि थांबवलंही. बहिणाबाई आणि गाडगेबाबांचे दाखले देऊन आपण पोरांना कॉलेज सोडायला लावत नाही. लोकोत्तर माणसांना पदवीची गरज नव्हती, म्हणून काकींच्या नातीला नाही असं होत नाही. तिला चार वर्षांनी नोकरी हवी आहे.

"मग दुसरा दाखला देतो," गुरुजी म्हणाले. "बाबासाहेब. १९१३ ला कोलंबियाला गेले, १९१५ ला तिथलं एम.ए. न्यूयॉर्कमधल्या त्या विद्यापीठाहून मोठं नाव आजसुद्धा आपल्याकडच्या कुणाच्या बायोडाटावर नसतं. १९१७ ला बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर राहायला खोली मिळेना. जात लपवून पारशांच्या धर्मशाळेत राहावं लागलं, आणि जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले. कोलंबियाचं नाव तिथं काय कामाला आलं?"

काकींना हे माहीत होतं, पिंपळीत सगळ्यांनाच माहीत आहे. पण ॲडमिशनच्या गप्पांत कुणी ते असं समोर मांडलं नव्हतं. नाव मोठं असलं तरी समोरचा ते वाचायलाच तयार नसेल, तर ते कोऱ्या कागदासारखं. आणि याच माणसाचं नाव मराठवाडा विद्यापीठाला द्यायला किती वर्षं लागली? विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा, प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या काळात घरं जळली, माणसं गेली, लाँग मार्च निघाला. विद्यापीठाच्या नावाला काही किंमत नसते असं जो म्हणेल त्यानं औरंगाबादच्या विद्यापीठ गेटवर १४ जानेवारीला जाऊन उभं राहावं. तिथं येणाऱ्या माणसांना क्रमवारीशी देणंघेणं नसतं. या कमानीवर आपल्या माणसाचं नाव आहे, एवढंच बघायला ती येतात.

थोडं विषयांतर झालं, पण कुंपणावर ते व्हायचंच.

काकी परत आपल्या मुद्द्यावर आल्या. "मंग पोरगी पुन्याला घालायची का न्हाई, त्ये बोला!"

मी म्हणाले, गावातला फ्लेक्स आठवा. एमपीएससीतून कुणी फौजदार झालं, की चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर पोराचा फोटो, आई-वडिलांचं नाव, गावाचं नाव, शुभेच्छुकांची रांग. विद्यापीठाचं नाव कधी वाचलंय? नसतंच, कारण आयोगाला पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची असली की पुरे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी तिथं तेवढीच चालते. ते १९८९ ला निघालं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, घरबसल्या कसली पदवी म्हणून. पण लग्न लवकर झालेल्या, शाळा सुटलेल्या किती बायका त्यातून बी.ए. झाल्या! सकाळी डबे करून रविवारी अभ्यास केंद्रावर जायच्या. त्यांना नावाजलेलं कॉलेज कुठलं, असं कुणी विचारलंच नव्हतं. दार उघडं आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

"आणि बारामती एमआयडीसीत बघा," गुरुजींनी जोड दिली. "पियाजिओत रिक्षाची लाईन बंद पडली तर तुझं विद्यापीठ कुठलं म्हणून विचारतात, की लाईन सुरू करता येते का म्हणून?"

पण मी एकांगी बोलणार नाही. काही दारांवर नाव बघतात, आणि तिथं दुसरं काही चालत नाही. ब्रिटननं २०२२ साली एक व्हिसा सुरू केला. जगातल्या निवडक विद्यापीठांच्या पदवीधरांना नोकरी हातात नसतानाही तिकडं येऊ द्यायचं. त्या पहिल्या यादीत भारतातलं एकही विद्यापीठ नव्हतं, आयआयटीसुद्धा नाही. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीतल्या मुलांसाठी. तिलाही अट जागतिक क्रमवारीची. विद्यापीठ ठरावीक क्रमांकाच्या आत हवं, नाहीतर अर्ज पुढं सरकत नाही. म्हणजे वन्संच्या त्या 'फॉरेन'वाल्या स्थळाला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की विद्यापीठाचं नाव काय, क्रमांक काय, आणि कर्ज किती? कर्जाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिकडच्या कित्येक विद्यापीठांचं बरंचसं घर परदेशी मुलांच्या फीवर चालतं आणि हप्ता इकडच्या सातबाऱ्यावर येतो.

पहिल्या नोकरीचंही तसंच. कंपन्या सगळ्या कॉलेजांत जात नाहीत. ठरलेल्या कॉलेजांत जातात, बाकीच्यांना 'पूल कॅम्पस'ला बोलावतात. पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजची मुलगी होस्टेलवरून चालत मुलाखतीला जाते, बारामतीची पहाटेच्या एसटीनं जाते. हा फरक खराच आहे. शिवाय तिथले सीनियर. आठ-दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं कंपन्यांत बसलेली असतात, त्यांना एक फोन करता येतो. माझ्या मते नावाजलेल्या कॉलेजच्या फीमधला मोठा भाग या फोनचाच असतो, इमारतीचा नव्हे. पण दुसरी नोकरी शोधायच्या वेळी कुणी कॉलेज विचारत नाही. आधीच्या कंपनीत काय केलंस, ते विचारतात. नाव लागतं ते तोवरच. त्या तीन-चार वर्षांसाठी नको असलेली शाखा गळ्यात बांधून घ्यायची का, हा खरा सवाल.

"आन् त्यो बोर्ड लागलाय रस्त्याला, नव्या युनिव्हर्सिटीचा? त्यात लई झाडं दावल्यात."

"झाडं बघू नका. पदवी देण्याचा अधिकार आहे का ते बघा. १९५६ च्या यूजीसी कायद्यानं तो कुणाला हे ठरवलंय. आणि यूजीसी बोगस विद्यापीठांची यादीही काढते, त्यात महाराष्ट्रातलं नावसुद्धा आहे. मोठ्या नावाच्या आधी खरं नाव आहे का, ते तपासायचं."

एवढा वेळ काकींची नात ओट्यावर मोबाईल घेऊन बसली होती. आम्हाला वाटलं गाणी ऐकतेय. ती उठून कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "आजी, मी दोन्ही कॉलेजच्या लास्ट इयरच्या मुलींशी बोलले. पुण्यातल्या त्या कॉलेजात कंपन्या भरपूर येतात, पण कॉम्प्युटरसाठी. सिव्हिलच्या मुली म्हणतात, आम्ही बाहेरच शोधतो. बारामतीला कॉम्प्युटरची प्लेसमेंट मध्यम, पण लॅब चांगली, आणि पूल कॅम्पसला पाठवतात. मला कोडिंग करायचंय. पूल बांधायचा नाही."

"आन् तुझा बा?"

"पप्पांना मी सांगितलंय. पुण्यात कॉम्प्युटर मिळत असेल तर पुणे वर टाकते, नाहीतर बारामती. पुण्याचं सिव्हिल टाकतच नाही."

आम्ही तिघं तासभर जे दळत होतो ते पोरीनं दोन फोनवर निकाली काढलं होतं. गुरुजींनी सायकल वळवली. काकींनी कढीपत्त्याची जुडी पदरात घेतली आणि बजावलं, "त्या फॉरेनवाल्याला मी इचारनारच, नंबर किती म्हनून. वन्सं रागावल्या तर रागावू द्या."

ज्यांच्या घरी यंदा फॉर्म भरायचा आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. कॅपच्या पहिल्या फेरीत यादीतला पहिला पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदल मागता येत नाही. तेव्हा पहिल्या ओळीत कॉलेजचं नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवायला लिहू नका. जिथं मूल खरोखर जाणार आहे तेच लिहा, आणि 'सबमिट' दाबायच्या आधी मोबाईल त्याच्याच हातात द्या.